गाडी चढाला ओढत नाही

मुलाचा फोन रविवारी येतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, जर्मनीत त्याची दुपार असते. पहिली दोन वर्षं तो फोन चार-पाच मिनिटांत आटपायचा. तो विचारायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाणी नीट येतंय का. मी विचारायची, थंडी आहे का, काम कसं चाललंय. तो म्हणायचा, "चाललंय." मग दोघंही पडद्यावर एकमेकांकडे बघत बसायचो, आणि कुणीतरी एक जण म्हणायचं, बरं, ठेवू का?

मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मुलाशी बोलायला विषय सापडत नव्हता. त्याचे वडील तो नववीत असताना गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी ड्यूटीवर, तो शाळेत, मग कॉलेजात. आम्ही एकमेकांना चिठ्ठ्या ठेवायचो: आमटी गरम करून घे, गॅसवाला येईल, किल्ली शेजारी. आता वाटतं, आमचं बोलणं झालं ते त्या चिठ्ठ्यांवरच.

जर्मनीत गाड्यांच्या कंपनीत इंजिनावर काम करायला जाताना तो त्याची गाडी वारज्याच्या आमच्या सोसायटीत ठेवून गेला. साधी, छोटी पेट्रोल गाडी, त्याने पहिल्या नोकरीत सेकंडहँड घेतलेली. "आई, विकायची नाही मला. आठवड्यातून एकदा नुसती चालू कर, म्हणजे बॅटरी उतरणार नाही." मला गाडी येत नव्हती. वर्षभर मी दर बुधवारी खाली जायची, ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, किल्ली फिरवायची, दहा मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत बसायची आणि बंद करून वर यायची. तळमजल्यावरचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "काय, आज कुठे जाऊन आलात?" पुण्यात असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. पण मला ते लागलं. दुसऱ्याच आठवड्यात मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि निवृत्त होऊन चार महिने झाले होते.

गाडी शिकले. विहारात, मंडईत, बँकेत गाडीने जाऊ लागले. मग एका रविवारी माझ्याबरोबरच्या तीन सिस्टरांना घेऊन मी आणखी एका जुन्या सिस्टरच्या शेतावर जेवायला निघाले. तिची जमीन कात्रजच्या पलीकडे आहे. हायवेवरच्या ट्रकांची मला भीती वाटते, म्हणून बोगदा सोडून मी जुना घाट धरला. गाडीत चौघी, डिकीत तिला भेट म्हणून नेलेल्या दोन मोठ्या कुंड्या, एसी चालू. अर्ध्या चढावर गाडी दमली. मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, पण ती नुसती गुरगुरत राहिली. मागे रांग लागली. एसी बंद केला, पहिला गिअर टाकला, तरी ती धापा टाकतच चालली. शेवटी मागच्या दोघी म्हणाल्या, "थांबव, आम्ही उतरतो." त्या दोघी साडीचे काठ सावरत घाट चढू लागल्या आणि मी त्यांच्या बाजूने, त्यांच्याच वेगाने, गाडी चालवत होते. त्यातली एक खिडकीतून वाकून म्हणाली, "सिस्टर, ही गाडी आहे की स्ट्रेचर?"

जेवण झालं, हसणं झालं. संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून मी सांगितलं. "तुझी गाडी चढाला ओढत नाही रे. दोघींना उतरावं लागलं."

त्याने विचारलं, "कुठल्या गिअरमध्ये होतीस?"

"दुसऱ्या. मग पहिल्या."

"आवाज कसला येत होता? नुसती घरघर की टकटक?"

मी आवाज काढून दाखवला. तो हसला. मग तो जो बोलायला लागला, तो थांबेचना. इंजिन म्हणजे हवा आत ओढणारा पंप आहे, आई, असं तो म्हणाला. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जाळता येतं, आणि जेवढं जळेल तेवढी ताकद. ताकद वाढवायची म्हणजे हवा वाढवायची, किंवा आहे ती हवा जास्त शहाणपणाने वापरायची. मी म्हटलं, हे तर फुप्फुसांसारखंच झालं. "अगदी तसंच," तो म्हणाला. फोन ठेवला तेव्हा भाजी करपली होती. आम्ही पाऊण तास बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. वॉर्डात केसपेपर लिहायची सवय, त्यामुळे वरती तारीख, खाली तक्रार, खाली उपाय. उपाय असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली.

पुढचा रविवार येईपर्यंत मला काहीतरी भरायला हवं होतं. मी खडकीला गेले. माझे वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, मी तिथल्या क्वार्टर्समध्येच वाढले. त्या क्वार्टर्सच्या मागच्या रस्त्यावर एक म्हातारे मेकॅनिक अजून बसतात. त्यांना म्हटलं, मला इंजिनाची ताकद वाढवायची आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आधी आहे ती तरी पूर्ण मिळतेय का, ते बघू या, ताई."

बॉनेट उघडून त्यांनी एक काळा डबा खोलला. आतला एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला. त्यात धूळ होती, वाळकी पानं होती, आणि एका कोपऱ्यात उंदराने कापूस आणि कागदाचं घर केलेलं होतं. गाडी वर्षभर उभी होती त्याचा हा प्रसाद. "हे तोंडाला लावून तुम्ही श्वास घेऊन दाखवा," ते म्हणाले.

मग त्यांनी प्लग काढले, आणि एकेका सिलिंडरला घड्याळासारखं मीटर लावून दाब मोजला. मी जवळ उभी राहून आकडे लिहून घेतले. चारातले तीन चांगले होते, एक जरा कमी. "ह्याला वय म्हणतात," ते म्हणाले. फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. परत येताना गाडी अशी पळाली की मला दोनदा ब्रेक मारावा लागला.

खरं म्हणजे तिथेच काम झालं होतं. मला एकटीला फिरायला एवढी ताकद पुष्कळ होती. पण रविवारी मुलाने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "थोडा फरक पडला. पण म्हणावा तसा नाही."

"मग आपण खरं काहीतरी करू या," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला. कॉलेजात असताना मित्रांशी बोलताना यायचा, तसा.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात ते वहीच्या पानांनी. एका रविवारी आम्ही मोठ्या फिल्टरबद्दल आणि मोकळ्या सायलेन्सरबद्दल बोललो. धूर लवकर बाहेर गेला की इंजिनाला मोकळं वाटतं. पण तो म्हणाला, आवाज फार होतो, पोलीस धरतात, आणि ताकद चिमूटभर वाढते. ते मी खोडलं. एका रविवारी सगळं इंजिनच काढून त्याच कंपनीचं मोठं इंजिन बसवायचा विचार झाला. मी म्हटलं, म्हणजे हार्ट ट्रान्सप्लांट. तो म्हणाला, "हो, आणि त्याची परवानगी काढायला आरटीओत जे हेलपाटे होतील, त्यात तुझं हार्ट जाईल." तेही खोडलं.

राहिलं ते टर्बो आणि रीमॅप. टर्बोवर त्याचा जीव होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. तो मला कागदावर काढून दाखवायचा, कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, हात हलायचा, मला अर्धं दिसायचं. मी म्हणायची, परत दाखव. रीमॅप म्हणजे काहीच कापायचं-जोडायचं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, याचे जे आकडे असतात ते बदलायचे. "डोस बदलायचा," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारून," तो म्हणाला.

रीमॅप करणारा माणूस वाघोलीत होता. वारज्याहून वाघोली म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मी एकदा सकाळी निघाले आणि पावणेदोन तासांनी पोचले. मला घाई नव्हती. पस्तिशीतला माणूस, हात स्वच्छ, समोर लॅपटॉप. जमिनीत बसवलेले रोलर होते. त्यावर गाडी चढवून जागेवरच पळवायची आणि चाकांपर्यंत किती ताकद पोचते ते मोजायचं. त्याने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "सर नाही आले?"

"मीच आलेय," मी म्हटलं आणि वही उघडली.

त्याने माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले. मग म्हणाला, "मॅडम, स्पष्ट सांगू? टर्बो करता येईल, पण तुमचं इंजिन जुनं आहे. आतले पिस्टन त्या दाबासाठी बनवलेलेच नाहीत. दोन-तीन हजार किलोमीटर मजा येईल आणि मग एक दिवस सगळं तेल रस्त्यावर. रीमॅपने फार काही होणार नाही, थोडं होईल. पण जे होईल ते टिकेल." त्याने पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

म्हाताऱ्या पेशंटला स्टेरॉइडवर धावायला लावल्यासारखं ते टर्बो, हे मला तिथेच पटलं होतं. माझा निर्णय झाला होता. परत येताना सिग्नलला उभी असताना माझ्या लक्षात आलं की गुरुवारी हे झालं की रविवारी बोलायला काही उरणार नाही.

त्या रविवारी मी मुलाला सांगितलं, "तो माणूस सुट्टीवर गेलाय. त्याच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे."

हे माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. बत्तीस वर्षं मी खोटा केसपेपर लिहिला नव्हता. पण एकदा बोलले, आणि मग ते वाढत गेलं. सासऱ्यांना हर्निया. पुढच्या रविवारी टाके पिकले. त्याच्या पुढच्या रविवारी शुगर वाढली, त्यामुळे जखम भरेना. मी इतकं नीट सांगत होते की मला त्या माणसाची काळजी वाटू लागली. तोपर्यंत आम्ही टर्बोचा विषय परत काढला, पेट्रोलचे प्रकार काढले, थंड हवा इंजिनाला जास्त का मानवते यावर एक अख्खी संध्याकाळ बोललो. मुलगा दर वेळी आधी विचारायचा, "सासरे कसे आहेत?"

असे दोन महिने गेले. नंतर माझ्या वहीत प्रश्नच उरले नाहीत. मी जुने प्रश्न फिरवून विचारत होते, आणि ते त्याला कळत असणार असं मला वाटायला लागलं. आठवडाभर मी त्या एका संध्याकाळची तयारी करत होते आणि बाकी सहा दिवस माझ्याशी बोलत होते ते फक्त दूधवाला आणि मेकॅनिक. एका मंगळवारी सकाळी मला या सगळ्याची लाज वाटली. वाघोलीला फोन केला, येते म्हटलं, आणि गेले.

त्याने गाडी रोलरवर चढवली. आधी एकदा मोजली, लॅपटॉपवर आकडे बदलले, परत मोजली. शेडमध्ये इतका आवाज होता की मी कानांवर हात ठेवून उभी होते. काम झाल्यावर त्याने दोन रेषांचा कागद दिला. खालची रेष आधीची, वरची आताची. दोन्हींमध्ये बोटभर अंतर होतं.

किल्ली देताना तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुमच्या मुलाचा फोन आला होता मागे. तुम्ही माझं कार्ड पाठवलं होतं ना त्यांना."

"कशाबद्दल?"

"इंजिनाबद्दलच. पण आधी विचारलं, सासऱ्यांची तब्येत कशी आहे. मी म्हटलं, राँग नंबर असेल, माझं लग्नच झालेलं नाही." तो हसला. "मग त्यांनी विचारलं, आई कधी येणार आहे. मी म्हटलं, त्यांना वेळ दिली होती, आल्या नाहीत."

"कधी आला होता हा फोन?"

तो मोबाईलमध्ये शोधत राहिला. "महिना झाला. जास्तच."

मी आभार मानून गाडीत बसले. शेडच्या बाहेर नगर रोडला गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. एक महिना म्हणजे चार रविवार. चार रविवार त्याला माहीत होतं. चार रविवार त्याने मला विचारलं होतं, सासरे कसे आहेत, आणि मी सांगितलं होतं. जखम भरत नाहीये. तो म्हणाला होता, "अरे बापरे. मग आपण तोवर टर्बोचं परत एकदा बघू."

आधी मला राग आला, मग रडू आलं. आणि मग दुसरंच काहीतरी मनात आलं. मी हे बोलणं लांबवत होते ते माझ्यासाठी. तो कुणासाठी लांबवत होता? माझ्यावर दया म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण दया करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर चित्रं काढून दाखवत नाही. एवढ्या रविवारच्या दुपारी मी त्याला बघत होते. एकदाही त्याच्या दारावरची बेल वाजली नव्हती. एकदाही कुणी मागून हाक मारली नव्हती, किंवा तो म्हणाला नव्हता की आई, आज बाहेर जायचंय. पेशंटने न सांगितलेलं दुखणं त्याच्या बसण्यावरून ओळखणारी मी, मला हे दिसलं नव्हतं. मी आपल्याच दुखण्याचा चार्ट भरत बसले होते.

रविवारी साडेसहाला फोन आला. मी सांगितलं, "रीमॅप झालं. कागद पाठवलाय बघ."

"बघितला. छान आहे ग्राफ." मग तो म्हणाला, "बरं झालं करून टाकलंस. टर्बो नकोच होतं."

सासऱ्यांचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. नेहमीसारखं कुणीतरी म्हणायची वेळ आली, बरं, ठेवू का. मी म्हटलं, "तुझ्याकडे रविवारी कोण येतं रे?"

"कोण येणार?"

"ऑफिसातलं कुणी?"

"आई, मी आता इंजिनावर नाहीये. वर्ष झालं. आमचा इंजिनाचा विभाग बंद करत आणलाय, सगळं विजेच्या गाड्यांवर चाललंय. मला दरवाज्यांकडे टाकलंय."

"दरवाज्यांकडे म्हणजे?"

"दरवाज्याच्या कडेला रबर असतं ना, पाणी आत येऊ नये म्हणून. ते. दरवाजा लावल्यावर आवाज कसा आला पाहिजे, ते." तो हसला. "टीममध्ये सगळे वयाने मोठे आहेत. चांगले आहेत. पाच वाजले की घरी जातात."

तो इंजिन बनवायला गेला होता. लहानपणी मिक्सर खोलायचा, पंखा खोलायचा, मी ड्यूटीवरून आल्यावर ओरडायची. वर्षभर तो मला रविवारी म्हणत होता, चाललंय.

"सांगितलं का नाहीस?"

"तू काय करणार होतीस?"

खरंच, मी काय करणार होते? नातेवाइकांना धीर देताना जी वाक्यं मी हजारदा म्हटली होती, ती सगळी मला आठवली आणि त्यातलं एकही म्हणावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "काही नाही. ऐकलं असतं."

"हं," तो म्हणाला. "आता ऐकलंस ना." आणि म्हणाला, मशीन झालंय, कपडे वाळत घालायचेत, ठेवतो. अकरा मिनिटं झाली होती.

त्याला काही महिने होऊन गेले. गाडी बरी चालते. मी बहुतेक एकटीच असते, त्यामुळे तिला ओझं असं नसतंच. उन्हाळ्यात तो येणार होता, रजा मिळाली नाही. नोकरी बदलावी का, यावर आम्ही दोनदा बोललो. तिथे राहावं की परत यावं, हे त्याचं त्यालाच अजून कळलेलं नाही, आणि मी ये म्हणत नाही. म्हटलं तर तो येईल, याची मला भीती वाटते.

कधी आम्ही वीस मिनिटं बोलतो, कधी पाचच. एवढाच बदल झालाय की बोलण्यासारखं काही नसलं तर तो तसं सांगतो. "आज काही नाही, आई." मी म्हणते, "माझ्याकडेही नाही." मग आम्ही फोन बंद करत नाही. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवतो आणि तो त्याचं करतो, मी माझं. गेल्या रविवारी तो भांडी घासत होता आणि मी मेथी निवडत होते. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मग त्याने नळ बंद केला, हात पुसले, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. जुडी अर्धी राहिली होती, ती निवडत बसले.